गाडीतली गिरणी

आवाज आधी हिला ऐकू आला. २०२२ चा जून महिना. कागलहून घरी येत होतो आणि ही म्हणाली, "अहो, गाडीत कुठंतरी पिठाची गिरणी चालू आहे." मी म्हटलं, रस्ता खरखरीत आहे, टायरचा आवाज असेल. पुढं नवीन डांबर लागलं तरी घरघर तशीच. "रस्ता बदलला, आवाज नाही बदलला. आणि तो माझ्या पायाखालून येतोय, तुमच्या नाही."

मी गप्प बसलो. तिचं बरोबर होतं, पण ते मानायला मन तयार नव्हतं, कारण डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग आम्ही आदल्या नोव्हेंबरातच बदलून घेतलं होतं.

त्याच्या मागची गोष्ट पुराची. २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आमच्या गल्लीत आलं. कोल्हापुरात पावसाळ्यात सगळ्यांचे कान पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे असतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. त्या वर्षी नदी ४३ च्या कितीतरी वर गेली. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो, शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे वर नेले, आणि गाडी अंगणातच राहिली. दोन रात्री चाकं निम्म्यापर्यंत पाण्यात होती. इंजिनात पाणी गेलं नाही म्हणून आम्ही सुटलो असं समजलो. पण बेअरिंगचं सील उडणारं पाणी अडवतं, रात्रंदिवस त्यात बुडून राहायला ते केलेलं नसतं. दिवाळीत डावं चाक घरघरायला लागलं.

एका गॅरेजमध्ये ते बदललं, तेव्हा मी तिथं उभा होतो. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस, नोकरी मात्र आयुष्यभर बँकेत केली. पाइपचा तुकडा लावून घणानं बेअरिंग ठोकून बसवलं गेलं. प्रत्येक ठोक्याला मला आतून काहीतरी होत होतं, पण दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून त्याला त्याचं काम शिकवणं मला जमलं नाही. ते न बोलणं मला पुढचे आठ महिने टोचत राहिलं.

इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा आमच्या गाडीसारख्या छोट्या गाडीत चाकामागं नकल असते, ओतीव लोखंडाचा एक जड तुकडा. तिच्या गोल भोकात बेअरिंगची बाहेरची रेस, म्हणजे पोलादी कडं, घट्ट बसते. बेअरिंगच्या आतल्या रेसमध्ये हब घट्ट बसतो आणि हबला चाक. दोन्ही रेसच्या मध्ये छर्ऱ्यांच्या दोन ओळी. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर द्यायचा. नंतर हब दाबताना आधार फक्त आतल्या रेसला द्यायचा. यात अदलाबदल झाली की सगळा जोर छर्ऱ्यांमधून जातो आणि ते रेसमध्ये खळगे पाडतात. खळगे डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण त्या दिवसापासून बेअरिंगचं आयुष्य मोजायला सुरुवात झालेली असते.

निदान आम्ही दोघांनी मिळून केलं. महामार्गावर साठच्या वेगाला गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिन शांत झालं, घरघर राहिली, म्हणजे आवाज चाकांचा. मग मोकळ्या रस्त्यावर हळूच उजवीकडे वळण घेतलं, आवाज वाढला. डावीकडे घेतलं, कमी झाला. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या अंगाला जातं, त्यामुळं दुखणारं डावं चाक ओरडतं. घरी येऊन जॅक लावला, एका हातानं स्प्रिंग धरून दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. स्प्रिंगमधून बोटांना बारीक थरथर लागली. हिलाही धरायला लावलं. उजवं चाक तसंच तपासलं, तिथंही थरथर होती, पण फार हलकी.

"दोन्ही बदलायची," ती म्हणाली. "एकच केलंत तर आंबोलीच्या घाटात मी दुसऱ्याचा आवाज ऐकत बसेन."

तिचं माहेर सावंतवाडी. २९ ऑगस्टला गणपतीसाठी निघायचं ठरलं होतं. मी म्हटलं, या वेळी घरी करतो.

ती लगेच हो म्हणाली नाही. आणि तिच्या जागी मी असतो तर मीही म्हणालो नसतो. काही वर्षांपूर्वी मी स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडला होता, "तासाभराचं काम" म्हणून. तो तीन आठवडे ताटात सुटा पडून होता आणि ती रोज रिक्षानं बाजारात जात होती. त्यावर ती कधी भांडली नाही, पण विसरलीही नव्हती. ती ब्लाउज शिवते. गौरी-गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे तिचा वर्षातला सगळ्यात जड महिना. दाराशी रोज चार बायका, प्रत्येकीला तारीख हवी. "मी गिऱ्हाइकाला वार सांगते आणि तो पाळते. नाही जमणार असं दिसलं तर आदल्या दिवशी फोन करते. तुम्ही मला कधी वार सांगत नाही. तुमचं काम आपलं चालू असतं."

मग तिनं अटी सांगितल्या आणि मी त्या शिलाईच्या वहीतल्या मागच्या पानावर लिहून घेतल्या. शनिवार-रविवार, २० आणि २१ ऑगस्ट, रविवारी संध्याकाळी सहाला गाडी चाकांवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. उशीर होणार असेल तर कळल्याक्षणी सांगायचं. आणि फ्रीजरमध्ये काहीही जाणार नाही. ही शेवटची अट माझ्या बोलण्यातूनच आली होती. बेअरिंग रात्रभर गारठवलं की ते केसाएवढं आकसतं आणि सोपं बसतं, हे मी उत्साहानं सांगितलं होतं. फ्रीजरमध्ये त्या वेळी खवलेले नारळ होते.

माझ्याकडून मी दोन गोष्टी कबूल केल्या. दोन्ही दिवसांचा स्वयंपाक माझा, आणि अंगणातल्या शहाबादी फरशीवर तेलाचा डाग पडणार नाही. गणपतीच्या आधीची धुणीपुसणी तिनं नुकतीच उरकली होती.

दोन बेअरिंगं आणली. खोक्यावरचा नंबर आणि रेसवर कोरलेला नंबर दुकानातच जुळवून पाहिला. दोन सरक्लिपा, म्हणजे बेअरिंगला जागेवर धरणाऱ्या कड्या, आणि दोन एक्सल नट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचे नट, तेही नवे घेतले. जुना नट परत वापरायचा नसतो, कारण त्याची कड छन्नीनं एक्सलच्या खाचेत वाकवून बसवलेली असते आणि एकदा सरळ केली की ती कमजोर होते. मित्राकडून टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर लागला की टिक् करणारा पाना, आणि दोन जॅकस्टँड आणले.

शनिवारी सहाला उठून पोहे आणि चहा केला, दुपारची आमटी आणि भात करून ठेवला, आणि आठला अंगणात ताडपत्री अंथरली, तिच्यावर जुने पुठ्ठे. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता.

एक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो, आणि त्याला ब्रेकवर माणूस लागतो. तीसचा सॉकेट, लांब दांडा, दांड्यावर चार फुटी पाइप. ही मशीनवरून उठून गाडीत बसली आणि ब्रेक दाबून धरला. मी पाइपवर सगळं वजन टाकलं. पहिल्यांदा नुसती गाडी कण्हली. दुसऱ्यांदा "टक्" झालं आणि नट सुटला. "तुटलं काय?" तिनं काचेतून विचारलं. "सुटलं," मी म्हटलं. उजवाही तसाच सोडवून घेतला.

मग गाडी जॅकवर घेतली, दोन्ही बाजूंना स्टँड लावले, काढलेली चाकं दाराच्या खालच्या कडेखाली आडवी सरकवली. म्हणजे काही झालंच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर येणार नाही. तिनं स्वतः येऊन गाडी दोन्ही हातांनी जोर लावून हलवून पाहिली. हलली नाही, तेव्हाच ती आत गेली. तिच्या मामेभावाचा हात पूर्वी असाच सापडला होता, हे मला माहीत होतं.

कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, काढल्यावर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो. मी तार शोधत होतो, तिनं परकराची जाड नाडी आणून दिली. त्याच नाडीच्या दुसऱ्या तुकड्यानं एक्सल बांधून ठेवला, कारण तो ओढला गेला तर गिअरबॉक्सच्या बाजूचा जोड निसटतो. नट-बोल्ट ठेवायला पेढ्यांचे रिकामे खोके होते. त्यांवर तिनंच खडूनं लिहिलं: डावं वरचे दोन, डावं खालचा, डावं ब्रेक. तिच्याकडं कापलेल्या बाह्या, पाठ, कटोरी सगळं असंच खुणा करून ठेवलेलं असतं. स्ट्रटचे, म्हणजे स्प्रिंग बसलेल्या उभ्या दांड्याचे, बोल्ट काढण्याआधी त्यांची जागा त्याच खडूनं आखून घेतली. पुन्हा त्याच रेघेवर आणायचे, नाहीतर चाक तिरकं बसतं. हाताशी गिऱ्हाइकाच्या कापडाचा खडू असल्यानं रेघ अगदी बारीक आली.

साडेदहाला डावी नकल हातात होती. खताच्या पोत्यात गुंडाळून, स्कूटरवर पायाशी ठेवून उद्यमनगरला नेली.

कोल्हापुरातल्या माणसाला उद्यमनगरचं महत्त्व सांगायला नको. पंपाचा तुटलेला शाफ्ट असो की जुन्या इंजिनाचा न मिळणारा बुश, त्या गल्ल्यांमध्ये कुणीतरी तो करून देतो. घरी ठोकायचं नाही आणि गॅरेजमध्येही ठोकू द्यायचं नाही, तर हायड्रॉलिक प्रेस हवा, आणि तो इथं होता. प्रेसवाले मामा साठीचे असतील. त्यांनी नकल हातात घेऊन हब दोन बोटांनी फिरवला, कानाजवळ नेला आणि म्हणाले, "हे मागं हातोड्यानं बसीवलंय बगा."

हब दाबून काढला, तसं आतल्या रेसचं निम्मं त्याच्यासोबत आलं. ते तसंच येतं. मामांनी ग्राइंडरनं रेसवर तिरकी चीर मारली, हबला धक्का न लावता, मग छन्नीचा एकच ठोका. रेस तडकून गळून पडली. सरक्लिप पक्कडीनं काढली, बेअरिंग बाहेर आलं. मी ते डिझेलमध्ये धुऊन उजेडात धरलं. आतल्या रेसवर छर्ऱ्यांच्या अंतरानं खळगे होते, एकसारखे, पोहे वाळत घालताना बोटं उमटावीत तसे. नोव्हेंबरात मी जे ठोके ऐकले होते ते इथं मोजता येत होते. माझा घसा दाटला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. गाडी चालत होती आणि ही त्या चाकाच्या वर बसून गावोगाव जात होती.

मामांनी भोक एमरीनं साफ केलं, तेलाचं बोट फिरवलं. जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस कडेनं थोडी घासून घेतली आणि तीच नव्या बेअरिंगवर उलटी ठेवून वरून दाबलं, म्हणजे जोर बरोबर बाहेरच्या रेसवरच येतो. बेअरिंग सरळ, सावकाश, एका लयीत आत गेलं. फ्रीजरचं विचारल्यावर ते हसले. "सरळ धरलं तर गार कशाला करायचं?" नवी सरक्लिप खाचेत बसल्याचा आवाज आला. हब दाबताना मी वाकून पाहिलं, खाली आधाराला आतल्या रेसच्या मापाचा बुश होता. त्यांनी माझं बघणं बघितलं आणि हात थांबवून मला नीट बघू दिलं. मग हब फिरवून माझ्या हातात दिला. लोण्यासारखा फिरत होता.

घरी येऊन डावी बाजू जोडली आणि उजवीला हात घातला. इथं अडलं. लोअर आर्म म्हणजे नकलला खालून धरणारा दांडा; त्याचा बॉल जॉइंट, म्हणजे गोल डोक्याचा सांधा, नकलमध्ये एका चिमट्यासारख्या खाचेत बसतो आणि आडवा बोल्ट त्याला आवळतो. डाव्या बाजूचा नोव्हेंबरात निघाला होता म्हणून सहज सुटला. उजवा कारखान्यातून आल्यापासून हललाच नव्हता, वर दोन रात्रींचं पुराचं पाणी. बोल्ट निघाला, पण जॉइंट गंजानं एकजीव झालेला. गंज सोडवायचं तेल मारलं, खाचेत छन्नी घालून ती जरा फाकवली. काही नाही. घड्याळात दोन वाजले होते. मामा चारला बंद करणार होते.

त्या क्षणी माझ्या मनात आलं ते खरं सांगतो. अजून अर्धा तास बघू, सुटेल, मग सांगायची वेळच येणार नाही. कार्ब्युरेटरच्या वेळी मी तीन आठवडे हेच करत होतो. मी हात पुसले, आत गेलो. ही काज करत होती.

"उजवा आज प्रेसला जात नाही. जॉइंट रात्रभर तेलात ठेवतो. मामा रविवारी सकाळी दोन तास उघडतात, त्यांना विचारून आलोय. गाडी रात्रभर स्टँडवर राहील. उद्या सहाला मात्र होईल."

तिनं सुई थांबवली. "नक्की उद्या?"

"जॉइंट सकाळी सातपर्यंत सुटला नाही तर मी गॅरेजवाल्याला घरी बोलावणार. तेही तुला सातलाच सांगेन."

"बरं," ती म्हणाली आणि परत काजाकडं वळली. थोड्या वेळानं बाहेर येऊन तिनं विचारलं, पाऊस आला तर उघड्या भागावर काय घालू? आम्ही दोघांनी मिळून ताडपत्री उजव्या बाजूवर ओढून बांधली. रात्री पाऊस आलाच. मला झोप लागली नाही, तिला लागली.

रविवारी साडेसहाला छन्नीच्या दुसऱ्याच ठोक्याला जॉइंट खाली आला. मी हाक मारली, तशी ती केसांना टॉवेल गुंडाळलेलाच बाहेर आली आणि अंगणात मोकळा लोंबणारा आर्म बघून गेली. या वेळी उद्यमनगरला स्कूटर तिनं चालवली, मी मागं पोतं मांडीवर घेऊन बसलो. हे बेअरिंग उघडलं तेव्हा खळगे नव्हते. आतलं ग्रीस मात्र चहाच्या गाळासारखं तपकिरी झालेलं, छर्रे गंजाचे ठिपके पडलेले. मामांनी ते तिच्या तळहातावर ठेवलं. "ह्यो पूर हाय, वैनी." तिनं अंगठ्यानं ते ग्रीस चोळून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. पुरात तिचे अकरा ब्लाउज भिजले होते, सगळे तिनं स्वतःच्या पैशानं भरून दिले होते.

जोडणीत लिहिण्यासारखी एकच गोष्ट आहे. नवा एक्सल नट पूर्ण आवळल्याशिवाय चाकावर गाडीचं वजन येऊ द्यायचं नाही. तो नटच बेअरिंगच्या आतल्या रेसचे दोन भाग एकत्र दाबून धरतो. त्यामुळं गाडी स्टँडवरच, डिस्क आणि कॅलिपर बसवलेले, ही परत ब्रेकवर. कॅलिपर काढून परत बसवल्यामुळं आधी तिला पेडल चार वेळा दाबायला सांगितलं, पॅड डिस्कला टेकेपर्यंत. मॅन्युअलमध्ये १७५ न्यूटन मीटर दिलं होतं. टॉर्क पान्यानं "टिक्" केलं, दोन्ही बाजूंना, मग नटाची कड खाचेत वाकवली. पेढ्यांचे खोके एकेक करून रिकामे झाले. शेवटचा खोका रिकामा झाल्यावर तिनं सगळे उलटे करून पाहिले.

पावणेपाचला गाडी चाकांवर होती. फरशीवर पुठ्ठ्याच्या बाहेर रुपयाएवढा एक डाग पडला होता. तो मी तिला दाखवला आणि साबण, ब्रश घेऊन काढला. थोडी सावली अजून आहे तिथं.

सहाला तिच्या हातातलं काम संपलं. कागलच्या दिशेनं निघालो. काचा वर, पंखा बंद. तिनं सीट जरा मागं केली, पाय फूटबोर्डवर सपाट टेकवले आणि डोळे मिटले. चाळीस, साठ, ऐंशी. मी उजवीकडं हलकं वळण घेतलं, डावीकडं घेतलं. गोकुळ शिरगाव मागं पडलं तरी ती बोलेना, आणि मलाही विचारायचा धीर होईना.

"वाऱ्याचा आवाज येतोय," ती डोळे न उघडता म्हणाली. "इतके दिवस येत नव्हता."

सोमवारी चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे ती सरळ आहेत का ते, तपासून घेतलं, किरकोळ फरक निघाला तो काढला. शुक्रवारपर्यंत तिचे सगळे ब्लाउज गेले, ज्या त्या वारी.

२९ तारखेला पहाटे निघालो. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा. घाटात ब्रेकनं सगळंच तापतं, म्हणून बेअरिंग गरम होतंय का ते घाटाच्या आधीच हात लावून बघायचं मी मनाशी ठरवलं होतं. आजऱ्यात चहाला थांबलो, मी उजव्या बाजूला उतरून चाकाच्या मधोमध हात ठेवला. मान वर केली तर ही पदर कमरेला खोचून डाव्या चाकाशी वाकलेली.

"इकडं कोमट आहे," तिनं बॉनेटवरून विचारलं, "तुमच्याकडं?"